कोंडलेला बाळकृष्ण

रविवारी सकाळी कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहरी गाड्यांची रांग लागते. कुणी माळशेजच्या धबधब्याखाली भिजायला निघालेला असतो, कुणी बारवीच्या बाजूच्या एखाद्या फार्महाऊसवर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ एक दिवस घालवायला. माणशी ठरलेली रक्कम मोजली की तेथे मुलांना चिखलात उतरवतात, बैलगाडीत बसवतात, आंब्याला टांगलेल्या झोक्यावर झुलवतात आणि चुलीवरची भाकरी खायला घालतात. सोमवारी सकाळी त्याच पट्ट्यात दुसरी वाहतूक सुरू होते. वाड्यावस्त्यांवरची तीन-साडेतीन वर्षांची बालके व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसवून तालुक्याच्या गावी नेली जातात. गळ्यात टाय, पायात मोजे-बूट, पाठीवर दप्तर आणि डोळ्यांवर अर्धी झोप. ज्या चिखलासाठी डोंबिवलीचा बाप पैसे मोजतो, तो चिखल या बालकांच्या दारात फुकट पडलेला असतो. आणि तो पायाला लागू नये म्हणून त्यांचा बापही पैसेच मोजतो. दोन्ही बापांचा पैसा शेवटी बाजाराच्या एकाच गल्ल्यात जातो.

शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके महानगराला सतत काही ना काही देत आले आहेत. तानसा आणि भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि वैशाखात शहापूरचे पाडे टँकरची वाट पाहतात, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्याची कुणाला लाजही वाटत नाही. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डीची तरणी माणसे पहाटेच्या लोकलने मुंबई-ठाण्याला राबायला जातात. रस्त्याकाठची भातशेती ‘सेकंड होम’वाल्यांनी विकत घेतली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही शहापूरच्याच अंगावरून गेला. विकास हवाच आहे, त्याला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. पण या देण्याघेण्यात एक गोष्ट कुणी मागितली नव्हती, तरी आपण होऊन देऊन टाकली जात आहे. ती म्हणजे या मातीतल्या मुलांचे मोकळे बालपण.

हे मोकळे बालपण म्हणजे काय, हे शहरी वाचकाला थोडे सविस्तर सांगायला हवे. नाणेघाटाच्या किंवा माहुलीच्या पायथ्याच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्तीवर सहा वर्षांचे पोर जूनमध्ये काय करते ते पाहावे. पहिला दमदार पाऊस झाला की नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून भातखाचरांकडे चढू लागतात. त्याला इकडे वलगण म्हणतात. पाणी कोणत्या बांधावरून पडते, मासा कुठे थबकतो, टोपली कुठे लावायची, हे त्या पोराला ठाऊक असते. मुठा कोणत्या बिळात आहे आणि त्याच्या नांगीला बोट न सापडू देता त्याला बाहेर कसे काढायचे, हेही ठाऊक असते. त्याच सुमारास रानात शेवळ उगवते. त्याची भाजी रुचकर, पण घशाला खाजते. ती खाज मारण्यासाठी सोबत काकडाची आंबट फळे घालावी लागतात. कोणत्या झाडाखाली शेवळ आणि कोणत्या वाटेवर काकड, हा त्या पोराच्या डोक्यातला नकाशा कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही. चैत्रात मोहाची फुले पहाटे गळतात, तेव्हा ते आजीबरोबर अंधारात उठते. वैशाखात करवंदे, टेंभुर्णे, जांभळे. श्रावणात टाकळा, कुर्डू, भारंगी.

यातला प्रत्येक प्रसंग ही एक परीक्षा असते. निसरड्या दगडावर तोल सांभाळणे ही शरीराची, बिळात हात घालावा की न घालावा हे ठरवणे ही विवेकाची, आणि सापडलेले मासे चार जणांत वाटणे ही धर्माची. हे सारे ते पोर हसतखेळत शिकते. कुणी त्याचे गुण लिहीत नाही, कुणी त्याला चकाकता तारा चिकटवत नाही. चुकले तर नांगी बसते, आणि नांगी बसलेले पोर तो धडा आयुष्यभर विसरत नाही.

आता त्याच पाड्यावर दुसरे चित्र दिसू लागले आहे. ओट्यावर तीन भावंडे एका मोबाइलवर वाकून बसलेली. मागे ओढा खळखळतो आहे, त्यांना त्याचा पत्ता नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाइल शिक्षणाचे साधन म्हणून घराघरात शिरला. ज्या बापाने कधी स्वतःला नवी चप्पल घेतली नाही त्याने कर्ज काढून पोराच्या अभ्यासासाठी फोन घेतला. शाळा पुन्हा उघडल्या, अभ्यास वर्गात परतला, फोन मात्र ओट्यावरच राहिला. रडणाऱ्या बालकाला पूर्वी आजी ‘चल, गोठ्यातली कपिला दाखवते’ म्हणून कडेवर घेई. आता कपिलेचे चलच्चित्र दाखवतात, गोठा चार पावलांवर असताना!

हा दोष एकट्या वनवासी बापाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्याने हे अनुकरण कुणाचे केले? आपलेच, म्हणजे शिकलेल्या, नोकरदार, सुसंस्कृत म्हणवणाऱ्या मध्यमवर्गाचे. प्रतिष्ठेची व्याख्या आपण केली. मुलाचे कपडे मळलेले नसणे, गुडघे फुटलेले नसणे, ते चार माणसांत ‘त्रास न देता’ बसणे म्हणजे चांगले पालकत्व, हे आपण ठरवले आणि खेड्याने ते प्रमाण मानले. आपल्या घरच्या बैठकींतले दृश्य आठवावे. बाहेरच्या खोलीत कुटुंब प्रबोधनावर गंभीर चर्चा चाललेली असते, संवाद हरवतो आहे म्हणून चिंता व्यक्त होत असते, आणि आतल्या खोलीत यजमानांची व पाहुण्यांची मिळून चार मुले चार पडद्यांपुढे मूक बसवलेली असतात. चर्चेत व्यत्यय नको म्हणून!

आणि मुलांना घडवण्याची आपली कल्पना तरी काय झाली आहे? चार वर्षांचा मुलगा रामरक्षा अस्खलित म्हणतो, त्याचे चित्रीकरण करून नातेवाइकांना पाठवले जाते, कौतुकाचे संदेश येतात. पाठांतराला माझा विरोध नाही. आपली परंपराच मौखिक आहे. पण त्या मुलाला पंचवटी म्हणजे काय हे विचारावे. वड, पिंपळ, बेल, आवळा आणि अशोक या पाच वृक्षांची ती पंचवटी. यांतले किती वृक्ष त्याने पाहिले आहेत, कितींच्या खोडाला हात लावला आहे? ज्या रामाने चौदा वर्षे अरण्य तुडवले, त्याचे स्तोत्र वातानुकूलित खोलीत शिकायचे आणि खाली अंगणात उतरायची मात्र बंदी, हा कोणता संस्कार? पाच वर्षांपर्यंत बालकाचे लालन करावे असे सुभाषितकार सांगून गेले, त्याचाही आपण सोयीचा अर्थ लावला. लालन म्हणजे मागेल ते तोंडात आणि हातात कोंबणे, असा.

बाळकृष्णाची कथा आपण घरोघरी सांगतो, पण तिच्यातली एक खूण आपल्या नजरेतून निसटते. खोड्या वाढल्या म्हणून यशोदा त्याला उखळाला बांधायला जाते, आणि दावे दोन बोटे कमी पडते. दुसरे दावे जोडते, तरी दोन बोटे कमी. घरातली सारी दावी जोडली तरी कमीच. शेवटी आई दमली हे पाहून कृष्णच बांधला जातो, आणि मग उखळासकट रांगत जाऊन अर्जुनाचे दोन वृक्ष उन्मळून टाकतो. गोकुळातल्या मातेलाही मुलाची काळजी होतीच. गाई राखायला, यमुनेच्या डोहावर, करवंदीच्या जाळीत तो गेला तेव्हा तिचाही जीव खालीवर झाला असेल. तरी तिने त्याला जाऊ दिले. गवळ्यांच्या पोरांबरोबर शिदोरी सोडून एकत्र खाल्लेल्या काल्यातून जी समरसता जन्मली, ती आज आपण व्यासपीठांवरून शिकवतो आहोत. आजच्या यशोदेचे दावे मात्र दोन बोटेही कमी पडत नाही. चार्जरच्या वायरीएवढे लांब असले तरी पुरते, आणि त्याने बांधलेला कृष्ण हूं की चूं करत नाही.

येथे दोन आक्षेप येतात, आणि गंमत म्हणजे ते परस्परविरुद्ध गोटांतून येतात. आपल्यातले काही म्हणतात की मुलांना मोकळे सोडणे ही पाश्चात्त्य स्वैराचाराची कल्पना आहे. तथाकथित पुरोगामी मंडळी नेमके उलटे सांगतात. त्यांच्या मते मुक्त बालपणाचा विचार रूसोने मांडला, ए. एस. नीलने १९२१ साली समरहिल काढून तो आचरला, आणि आपण मागासांनी तो तेथून घ्यावा. दोघांनीही आपल्याच जिल्ह्याचा इतिहास वाचलेला नाही.

ताराबाई मोडक हे नाव आज किती घरांत उच्चारले जाते? १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या या विदुषीने गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले. मुलांवरच्या मायेपोटी ज्यांना लोक ‘मूछाळी मा’ म्हणत, तेच हे गिजुभाई. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मादाम माँटेसरींची पद्धत त्यांनी अभ्यासली, पण तिची महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत आणि शोभणारही नाहीत, हे ओळखण्याइतका स्वदेशी विवेक त्यांच्यापाशी होता. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी गरिबांच्या वस्तीतली मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. शंखशिंपले, बिया, पाने, काटक्या, माती हे साहित्य; झाडाची सावली हे छप्पर. त्या अंगणातल्या बालवाडीतून ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मला. पुढे १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली मुले गुरे राखायला जात म्हणून शाळेत येऊ शकत नसत, तर या बायांनी कुरणातच शाळा भरवली. तीच ती कुरणशाळा.

बोर्डी आणि कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ च्या विभाजनानंतर ते पालघरमध्ये गेले. ताराबाईंची राजकीय वाट आपल्या विचाराची नव्हती, हे खरे. म्हणून त्यांचे ऋण कमी होत नाही. परकी पद्धत डोळे मिटून न घेता तिला इथल्या मातीत रुजवणे, सर्वांत मागे राहिलेल्या वस्तीपर्यंत स्वतः चालत जाणे, याला आपण दुसरे काय म्हणतो?

आणि त्या शब्दाचे पुढे काय झाले पाहा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. शब्द दिल्लीला गेला, अंगण इथेच राहिले. आज कितीतरी अंगणवाड्या म्हणजे एक खोली, एक वजनकाटा आणि एक नोंदवही. किंबहुना वहीही उरली नाही. २०२१ पासून सेविकेला सारी नोंद मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये करावी लागते. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी निकृष्ट फोन शासनाला परत करून आंदोलनही केले होते. मुलांना ओढ्यावर नेणारी, गाणी म्हणणारी, माती कालवू देणारी ताई हवी होती. आपण तिलाही पडद्यापुढे बसवले. पोषणाची नोंद महत्त्वाची आहेच, कुपोषणाच्या बातम्या या भागाने पुष्कळ सोसल्या आहेत. पण ताईची मान खाली आणि मुलांचीही मान खाली, असे केंद्र ताराबाईंना ओळखू आले नसते.

आता भीतीचा विचार करू, कारण सारे अडते तेथे. पालक म्हणतात, ‘काळ पूर्वीचा राहिला नाही.’ ही भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. शहापूरमधून मुंबई-नाशिक महामार्ग धडधडत जातो, मुरबाडच्या रस्त्यावर डंपर धावतात. कठडा नसलेल्या विहिरी आहेत, भातसाचे कालवे आहेत, पावसाळ्यात काळू आणि शाईसारख्या नद्या घटकेत फुगतात. नाग, घोणस, मण्यार, फुरसे हे चारही विषारी साप या रानात आहेत आणि बिबट्याही आहे. म्हणूनच मुलाला रान ओळखता यायला हवे. उंच गवतात काठी आपटत चालावे, लाकडाच्या ढिगात हात घालू नये, गढूळ चढत्या पाण्यात उतरू नये, हे ज्ञान कोंडून ठेवलेल्या मुलाला कसे येणार? ते मूल कधीतरी बाहेर पडणारच. बाराव्या वर्षी मित्रांबरोबर ते पहिल्यांदा धबधब्यावर जाईल, तेव्हा सहा वर्षांच्या ठाकराच्या पोराला कळणारी निसरड्या शेवाळाची खूण त्याला कळणार नाही.

दुसरी भीती माणसांची. मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मुरबाडच्या शेजारी, बदलापुरात चिमुरड्या मुलींवर जो अत्याचार उघड झाला तो शाळेच्या चार भिंतींच्या आत झाला होता. भिंत म्हणजे सुरक्षा, हा भ्रम त्या घटनेने पुरता उतरायला हवा होता. आणि ‘मुले पळवणारी टोळी’ नावाचा जो बागुलबुवा प्रत्येक मोबाइलमधून फिरतो, त्याने काय केले? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. पिढ्यान् पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारे आपलेच धर्मबांधव! ज्या यंत्राच्या भरवशावर आपण मुलांना घरात बसवतो त्याच यंत्राने ही भीती पेरली, आणि दारी येणारा गोसावी आपल्याला राक्षस दिसू लागला.

खरे सांगायचे तर धोके वाढले त्यापेक्षा नजरा कमी झाल्या. पूर्वी पाड्यावरचे मूल एकटे भटकते असे वाटे, पण ते एकटे नसे. पडवीत सूप पाखडणाऱ्या म्हातारीचे लक्ष असे, बांधावरून जाणारा काका हाक मारी, विहिरीवरच्या बाया ‘कुणाचा रे तू, इकडे काय करतोस?’ म्हणून कान धरत. पोर कुणाचेही असो, ओरडण्याचा अधिकार सगळ्या गावाला होता आणि आईबापाला त्याचा राग येत नसे. ही आपली कुटुंबव्यवस्था. आज आईबाप पहाटेच्या लोकलने जातात ते रात्री आठला परततात, आजी मालिकेपुढे असते, आणि शेजाऱ्याने मुलाला हटकले तर भांडण होते. नजरांची ही राखण मोडली, म्हणून कुलूप आले आणि कुलपाच्या आत करमत नाही म्हणून पडदा आला.

मोकळीक देणे आणि वाऱ्यावर सोडणे यांतला फरक येथे स्पष्ट करायलाच हवा, नाहीतर कुणी आमच्यावर दारिद्र्याला रोमांचक रंग दिल्याचा आरोप करील. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. भट्टीवर धुळीत दिवसभर पडून असलेले ते बालक ‘मुक्त’ नाही, ते दुर्लक्षित आहे. त्याला पोटभर अन्न, लस, शाळा आणि कुणाची तरी माया हवी आहे, आणि ती मिळत नाही हे समाजाचे पाप आहे. मोकळ्या मुलाच्या मागे गाव असते, सोडून दिलेल्या मुलाच्या मागे कुणी नसते. वनवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याला मात्र दोघांच्याही अंगावरचा चिखल सारखाच दिसतो.

शास्त्राचा दाखला मागणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालील बालकापुढे पडदा धरूच नये, पाच वर्षांखालील बालकाला दिवसाला एक तासाहून अधिक नको, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाला किमान तीन तास हालचाल करायला हवी. दुसरी गोष्ट चीनमधली. ग्वांगझौ शहरात पहिलीच्या काही मुलांना शाळेच्या रोजच्या वेळात फक्त ४० मिनिटे जादा उघड्यावर सोडले. तीन वर्षांनी पाहिले, तर इतर मुलांत ३९.५ टक्क्यांना नव्याने चष्म्याचा जवळदृष्टीदोष जडला होता, उघड्यावर गेलेल्यांत ३०.४ टक्क्यांना. २०१५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तैवानने तर २०१० पासूनच शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. ही राष्ट्रे भावनेने असले निर्णय घेत नाहीत. उद्याचा सैनिक, वैमानिक, अभियंता डोळ्यांनी अधू असून चालणार नाही, हे त्यांना कळते. जपानमध्ये सहा वर्षांची मुले घोळक्याने, पालकांविना, पायी शाळेत जातात. आपल्याकडे तालुक्याच्या गावात पाचशे पावलांवरच्या शाळेसाठी स्कूटर काढतात.

आपल्या शासनानेही विचार केलेला नाही असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत मानले, २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोशांची संकल्पना आली, फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळण्यांचा ‘जादुई पिटारा’ आला. विद्या भारतीच्या शिशुवाटिकांनी पंचकोशांचा आग्रह कितीतरी आधीपासून धरला होता, याचा अभिमान वाटतो. पण अन्नमय आणि प्राणमय कोश भिंतीवरच्या तक्त्याने घडत नाहीत. ते धावण्याने, पडण्याने, भिजण्याने आणि भूक लागण्याने घडतात. पिटारा उत्तमच आहे. तरी शहापूरच्या मुलाला पिटाऱ्यातला प्लॅस्टिकचा बेडूक दाखवताना खिडकीबाहेर खरा बेडूक ओरडत असेल, तर आधी खिडकी उघडावी. आणि व्हॅनवाल्या इंग्रजी बालवर्गांचे काय? साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांना पेन्सिल धरवून ‘ए फॉर ॲपल’ गिरवून घेणाऱ्या या दुकानांना ना ताराबाई ठाऊक, ना धोरण. सफरचंद ज्या मातीत पिकतच नाही तिथल्या मुलाला करवंद विसरायला लावण्याचे शुल्क ती घेतात.

यात पणाला लागलेली गोष्ट मुलांच्या प्रकृतीपेक्षा मोठी आहे. माहुली गडाकडे पाहावे. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांच्या रेट्यात शहाजीराजे याच गडावर अखेरची झुंज देत होते. जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवबा त्या वेळी गडावर होते, असे सांगतात. ते असोत वा नसोत, पुढे जिजाऊंनी त्या मुलाला वाड्यात कोंडून वाढवले नाही, मावळच्या दऱ्याखोऱ्यांत मावळ्यांच्या पोरांबरोबर वाढू दिले, हे तर महाराष्ट्र जाणतो. ज्याच्या पायांना आपला डोंगर ठाऊक नाही त्याने मातृभूमीवर प्रेम करायचे ते कशाच्या आधारे? नकाशाच्या? शाखेत बाल स्वयंसेवक प्रथम येतो तो खेळासाठी, बौद्धिकासाठी नव्हे. १९२५ पासून शंभर वर्षे जे कार्य उभे राहिले त्याच्या मुळाशी एक तासाचे मैदान आहे, धूळ आहे, फुटलेले गुडघे आहेत. त्या मैदानावर वाढलेले आजोबाच आज नातवाला ‘खाली जाऊ नकोस, कपडे मळतील’ म्हणत असतील, तर शताब्दीचे कार्यक्रम कितीही भव्य झाले तरी पुढच्या पिढीला ते मैदान कोण दाखवणार?

उपाय अवघड नाहीत, म्हणून तर चीड येते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद. घरोघरी पटवून, समजूत घालून ते केले. शहापूर-मुरबाडच्या ग्रामसभांना हे का जमू नये? येथे तर दीड तास सूर्यास्तापूर्वीचा घ्यावा आणि तेवढ्या वेळात गावातल्या दोन निवृत्त माणसांनी मैदानावर नुसते बसावे. शिकवू नये, शिट्टी वाजवू नये, फक्त असावे. लगोरी, विटीदांडू, सूरपारंबी मुले आपली आपण जमवतात. गुरचरण आणि गावठाणाच्या मोकळ्या जागा फार्महाऊसच्या कुंपणात चालल्या आहेत, त्यांवर ग्रामसभेने ठराव करावा. विहिरींना कठडे बांधावेत, शाळेपुढच्या रस्त्यावर गतिरोधक मागावेत. मुलांना कोंडण्यापेक्षा डंपरला आवरणे अधिक न्यायाचे आहे.

आणि आपल्या परिवारांसाठी एक सूचना. पुढचे कुटुंब मीलन सभागृहात घेऊ नये. पहिला पाऊस होऊन आठ दिवस गेले की ते मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरच्या ओढ्याकाठी घ्यावे. ओढा गुडघाभर पाण्याचा असावा आणि वाट दाखवायला त्या पाड्यावरचीच दोन मुले सोबत घ्यावीत; मार्गदर्शक ती, आपण विद्यार्थी. जेवण त्यांच्या घरी, त्यांना योग्य तो मोबदला देऊन. बरोबर जुन्या चपला, एक टॉवेल आणि बदलायचे कपडे आणावेत. छायाचित्रांसाठी एकानेच फोन आणावा, तोही पिशवीत. शेवळाची भाजी मिळाली तर जरूर खावी, मात्र काकडाची फळे घातली आहेत ना, हे आधी त्या घरच्या आजीला विचारून घ्यावे.